लंडनची खुर्ची आणि कांदिवलीचा गाळा

कांदिवली पश्चिमेला लालजी पाड्याच्या एका गाळ्यात आमचे उठणे-बसणे असते. बारा मशिनी, दोन ओव्हरलॉक आणि एक कटिंगचे टेबल एवढाच पसारा. गाळेमालक स्वतः निर्यात करीत नाहीत. एका मर्चंट एक्स्पोर्टरचे जॉबवर्क घेतात आणि पीसमागे मजुरी लावतात. मागे एकदा त्या एक्स्पोर्टरच्या माणसाने मजुरी कमी करून मागितली. कारण काय, तर लंडनमध्ये सरकार डळमळीत आहे, तिकडची पार्टी माल उचलायला कचरते आहे. गाळेमालकांनी पीसमागे ३ रुपये सोडले. नंतर चहा घेताना त्यांनी आम्हाला विचारले, "भाईसाब, तिकडे सरकार खरोखर पडले का हो?"

सरकार पडलेले नव्हते. ३ रुपये मात्र गेले ते गेलेच.

शिलाई, चामडे, इमिटेशन दागिने, पितळी सामान अशा धंद्यांतील आमच्या अनेक वाचक बंधूंचा माल कुठल्या ना कुठल्या हाताने इंग्लंडला पोहोचतो. त्यांना तिकडच्या राजकारणाची बातमी मिळते ती बहुधा रेट पाडणाऱ्याच्या तोंडून. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करारावर सह्या झाल्यापासून तर ही तोंडे फारच वाढली आहेत. कोणी म्हणतो आता सोन्याचे दिवस आले, कोणी म्हणतो पंतप्रधान बदलला की करार गुंडाळला जाईल. तेव्हा त्या देशाचा कारभार चालतो कसा, आणि त्यातले काय आपल्या गाळ्यापर्यंत पोहोचते, हे एकदा नीट पाहू या.

ब्रिटनची राज्यपद्धती आपल्याला परकी नाही. आपली लोकसभा तिच्याच साच्यावर बेतलेली आहे. तिकडच्या कनिष्ठ सभागृहात ६५० जागा आहेत. मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून आला, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. याचा परिणाम ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत दिसला. मजूर पक्षाला मते मिळाली ३३.७ टक्के आणि जागा मिळाल्या ४११. हुजूर पक्ष १२१ वर आला. नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाला ४० लाखांहून अधिक मते पडली, पण जागा अवघ्या ५. त्याहून कमी मते घेणाऱ्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाला ७२ जागा. म्हणजे जागांचा डोंगर मोठा, पण खालची माती पोकळ. केअर स्टार्मर पंतप्रधान झाले तेव्हाच जाणकारांनी हे सांगितले होते. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत रिफॉर्म पक्षाने १० कौन्सिलांवर ताबा मिळवला आणि रनकॉर्न अँड हेल्सबी येथील पोटनिवडणूक अवघ्या ६ मतांनी जिंकली, तेव्हा त्याचा प्रत्ययही आला.

आपल्याकडील माणूस एका गोष्टीने विशेष गोंधळतो. तिकडे पंतप्रधान बदलायला निवडणूक लागत नाही. सत्ताधारी पक्षाने नेता बदलला की पंतप्रधान बदलला. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. ३० जून २०२२ रोजी आपल्याकडे उद्धव ठाकरे यांच्या जागी एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले, आणि आठवडाभराने, ७ जुलैला, लंडनमध्ये स्वतःच्याच मंत्र्यांनी राजीनाम्यांची रांग लावल्यामुळे बोरिस जॉन्सन यांनी पद सोडण्याची घोषणा केली. फरक एवढाच की आपल्याकडे १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आहे, तिकडे तसा कायदा नाही. खासदार पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देतो आणि खासदार राहतो. त्यामुळे पावणेदोनशेच्या आसपास बहुमत असूनही स्टार्मर सरकारला १ जुलै २०२५ रोजी अपंगांच्या भत्त्यात कपात करणाऱ्या विधेयकातील मुख्य तरतुदी मागे घ्याव्या लागल्या, कारण शंभराहून अधिक खासदार त्यांच्याच पक्षातून उभे राहिले. अशी बातमी वाचून आपला माणूस "सरकार पडले" म्हणतो. वास्तविक ते पडत नाही, नुसते वाकते. २०२४ मध्ये निवडलेल्या सभागृहाची मुदत सरळ गेली तर निवडणूक ऑगस्ट २०२९ पर्यंत घेता येते.

जुलै २०१६ पासून जुलै २०२४ पर्यंतच्या ८ वर्षांत कॅमेरॉन, थेरेसा मे, जॉन्सन, लिझ ट्रस, ऋषी सुनक आणि स्टार्मर असे सहा जण त्या घराच्या दारात उभे राहिले. एवढी ये-जा पाहून कोणत्याही व्यापाऱ्याला वाटेल की येथे काही टिकणार नाही. आमचे मत मात्र वेगळे आहे, आणि त्याला या व्यापार कराराचाच पुरावा आहे.

२३ जून २०१६ रोजी ब्रिटिश मतदारांनी ५१.९ टक्के मतांनी युरोपियन संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. संघात असताना ब्रिटनला दुसऱ्या देशाशी स्वतःचा व्यापार करार करताच येत नव्हता. ते काम ब्रुसेल्सचे होते. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडले आणि २०२० संपताना जुनी व्यवस्थाही संपली, म्हणून भारताशी बोलणे शक्य झाले. जानेवारी २०२२ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा जॉन्सन पंतप्रधान होते. त्यांनी एप्रिलमध्ये भारतात येऊन दिवाळीपर्यंत करार करू असे सांगितले. ती दिवाळी आली २४ ऑक्टोबरला. त्याआधी जॉन्सन गेले, ट्रस आल्या, त्यांच्या गृहमंत्री सुएला ब्रॅव्हरमन यांनी मुदत संपूनही राहणाऱ्या भारतीयांबद्दल जाहीर टीका केली, दिल्ली नाराज झाली, ब्रॅव्हरमन गेल्या, दुसऱ्याच दिवशी ट्रस यांनीही राजीनामा जाहीर केला. आणि ऐन दिवाळीच्या दिवशी हुजूर पक्षाने सुनक यांना नेता निवडले. सुनक यांच्या कारकिर्दीत बोलणी चालू राहिली, २०२४ मध्ये दोन्हीकडे निवडणुका आल्या म्हणून थांबली. मग तिकडे पक्षच बदलला. तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये नवे व्यापारमंत्री जोनाथन रेनॉल्ड्स दिल्लीत पीयूष गोयल यांच्यासमोर बसले, ६ मे रोजी बोलणी पूर्ण झाल्याची घोषणा झाली आणि २४ जुलैला नरेंद्र मोदी व स्टार्मर यांच्या उपस्थितीत चेकर्स येथे सह्या झाल्या. चार पंतप्रधान, दोन पक्ष, पण कागद एकच. सप्टेंबर २०२५ मध्ये रेनॉल्ड्स यांच्या जागी पीटर काइल आले तरी त्या कागदाला धक्का लागला नाही. करार राज्याराज्यांत होतो, व्यक्तींत नाही, आणि त्याची फाइल सांभाळणारे सचिव खुर्चीबरोबर बदलत नाहीत. तेव्हा "पंतप्रधान गेला की करार गेला" असे कोणी सांगून रेट पाडू पाहील, तर त्याला हा इतिहास ऐकवावा.

पण सही आणि अंमल यांत अंतर असते, आणि येथे उतावळे लोक फसतात. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यानुसार असा करार संसदेपुढे २१ कामकाजाच्या दिवसांसाठी ठेवावा लागतो. कनिष्ठ सभागृह विरोधी ठराव करून त्याला अडवू शकते. वरच्या सभागृहाला, म्हणजे लॉर्ड्सना, तो कायमचा रोखण्याचा अधिकार नाही. त्यांचे स्थानिक कायदे आणि ड्युटीचे नियम जुळवावे लागतात. आपल्याकडे संसदेची मंजुरी लागत नाही, मंत्रिमंडळ आणि सीमाशुल्काची अधिसूचना पुरते. मग दोन्ही सरकारे एकमेकांना तयारी पूर्ण झाल्याचे कळवतात आणि ठरलेल्या तारखेपासून नवे दर लागतात. व्यापाऱ्याने सहीची तारीख धरून रेट देऊ नये. माल तिकडे उतरेल त्या दिवशी कोणता दर असेल तो धरावा. हे पाहणे अवघड नाही. ब्रिटिश सरकारचे ड्युटीचे पुस्तक संगणकावर फुकट उघडते. मालाचा एचएस कोड घालून देश म्हणून भारत निवडला की त्या दिवसाचा दर समोर येतो. घरातील दहावी पास मुलगाही हे काम मोबाइलवर करील.

आता हिशेब. करारानुसार भारतातून जाणाऱ्या मालाच्या ९९ टक्के प्रकारांवर ब्रिटनने शून्य ड्युटी मान्य केली आहे. आधीचे दर कपड्यांवर १२ टक्क्यांपर्यंत, चामडे व पादत्राणांवर १६ टक्क्यांपर्यंत आणि दागिन्यांवर ४ टक्क्यांपर्यंत होते. काही मालाला विकसनशील देशांसाठीच्या योजनेत आधीपासून थोडी सवलत होती, तिथे फरक त्या मानाने कमी पडेल. समजण्यासाठी एक सुती शर्ट घेऊ, जो इंग्लंडच्या बंदरात ५ पौंडाला पडतो. पूर्ण १२ टक्के ड्युटी धरली तर ६० पेन्स. पौंड ११० रुपये धरला तर ६६ रुपये. आमच्या गाळेमालकांना हा आकडा सांगितला तेव्हा ते काही वेळ बोललेच नाहीत. ६६ रुपयांत त्यांच्याकडे अख्खा शर्ट शिवून, बटण लावून, धागे काढून होतो. म्हणजे ब्रिटनचे सरकार एका शर्टामागे जेवढे सोडते, तेवढी त्या शर्टाची मजुरीही नाही!

हे ६० पेन्स कोणाच्या खिशात जातील हे करारात लिहिलेले नसते. इंग्लंडचा आयातदार ते ठेवू शकतो, तो दुकानदाराला देऊ शकतो, मुंबईचा एक्स्पोर्टर त्यातले काही भाव वाढवून मागू शकतो. गाळेवाला या साखळीच्या शेवटच्या टोकाला बसला आहे आणि त्याला सवलत आहे हेच ठाऊक नसेल तर तो मागणार काय? आम्ही असे म्हणत नाही की ६६ रुपये मागा. बांगलादेशचा कपडा ब्रिटनमध्ये आधीपासून शून्य ड्युटीने जातो, पाकिस्तानच्या कपड्यालाही सवलत आहे, तुर्कस्तान आणि व्हिएतनाम यांचे स्वतंत्र करार आहेत. आपला माल आतापर्यंत त्यांच्यासमोर ओझे घेऊन धावत होता. ओझे उतरले की शर्यत बरोबरीची होते, जिंकलेली नव्हे. सवलतीतला बराच भाग नवीन ऑर्डर मिळवण्यासाठी ग्राहकाला द्यावा लागेल हे खरे आहे. पण ज्या काळात ड्युटी उतरते, त्याच काळात "तिकडे परिस्थिती वाईट" म्हणून मजुरी कापली जावी, हे मात्र उलटे गणित झाले.

एक गैरसमज येथेच दूर करू. ड्युटी शून्य झाली तरी तिकडचा २० टक्के व्हॅट राहतोच, तो कराराचा विषय नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्याला तो परत मिळतो, म्हणून घाऊक सौद्यात त्याची फार चिंता नसते. लहान मुलांच्या कपड्यांवर तर ब्रिटनमध्ये व्हॅटचा दर शून्य आहे. मुलांचे कपडे शिवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

शून्य ड्युटी मिळते ती भारतात तयार झालेल्या मालाला. "मेड इन इंडिया"ची चिठ्ठी शिवली म्हणजे माल भारतीय झाला असे नाही. कोणत्या कोडच्या मालात परदेशी कच्चा माल किती आणि कोणत्या टप्प्याचा चालेल, हे करारात कोडवार लिहिले आहे. चीनचे कापड, चीनची चेन, चीनचे मणी वापरणाऱ्यांनी आधी तो तक्ता पाहावा. निर्यातदाराला आपल्या मालाचे मूळ स्वतः प्रमाणित करण्याची मुभा कराराने दिली आहे आणि १,००० पौंडांखालच्या लहान पार्सलांना मूळ देशाच्या कागदाची अटही ठेवलेली नाही. मुभा मोठी, तशी जबाबदारीही मोठी. उद्या तिकडून चौकशी आली तर कापडाचे बिल, धाग्याचे बिल, जॉबवर्कचे चलन हे सर्व दाखवावे लागते. आणि ते चलन कोणाकडे असते? गाळेवाल्याकडे. आजवर जे गाळे बिनचलनाचे काम करीत आले, त्यांच्यामुळे एक्स्पोर्टरची सवलत अडकू शकते. उलट ज्याचे कागद चोख, त्याची गरज वाढते. मजुरीच्या बोलण्यात हे वजन वापरता येते, ही गोष्ट आपल्या कारागिरांच्या लक्षात आलेली नाही.

ड्युटीनंतर पाहायचे ते पौंडाकडे. लंडनच्या राजकारणाचा सर्वांत जलद फटका येथेच बसतो. २३ सप्टेंबर २०२२ रोजी ट्रस यांचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी पैशाची सोय न सांगता मोठी करकपात जाहीर केली. २६ तारखेला पौंड डॉलरच्या तुलनेत इतिहासातील नीचांकाला, १.०३ च्या आसपास, आला. दोन दिवसांनी बँक ऑफ इंग्लंडला सरकारी रोखे विकत घेऊन बाजार सावरावा लागला. ट्रस यांची कारकीर्द जेमतेम ५० दिवसांची. पण त्या दिवसांत ज्यांचे पौंडातले पेमेंट यायचे होते त्यांनी काय सोसले ते त्यांनाच माहीत. १,००० पौंडांच्या बिलावर पौंड ५ रुपयांनी उतरला तर ५,००० रुपये गेले. लहान सौद्यात तेवढाच नफा असतो. म्हणून निर्यात करणाऱ्याने बँकेशी बोलून पुढच्या तारखेचा दर बांधून घ्यावा. जॉबवर्क करणाऱ्याचा करार रुपयांत असतो, त्याचा पौंडाशी संबंध नाही. तरीही पौंड उतरला की त्याची मजुरी उतरवली जाते. पौंड चढल्यावर कोणी मजुरी चढवून दिल्याचे आम्ही अद्याप ऐकलेले नाही. हाच प्रकार "लंडनचे पेमेंट आले नाही" या सबबीचा. उद्यम नोंदणी असलेल्या लहान कारखानदाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो, त्यात लंडनचा उल्लेख कुठेही नाही.

तिकडच्या ग्राहकाचा हात आखडला आहे हे मात्र सर्वस्वी खोटे नाही. अर्थमंत्री रॅचेल रीव्हज यांनी ३० ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात मालकांनी भरायचा राष्ट्रीय विमा १३.८ वरून १५ टक्क्यांवर नेला आणि तो वर्षाला ९,१०० ऐवजी ५,००० पौंडांच्या पगारापासूनच लावला. किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये ताशी ११.४४ वरून १२.२१ पौंड झाले आणि एप्रिल २०२६ साठी १२.७१ जाहीर झाले. दुकानात दहा मुली कामाला ठेवणारा दुकानदार हा बोजा कुठून काढणार? खरेदीतून. त्यातच २०२०–२१ मध्ये डेबनहॅम्ससारखी जुनी पेढी बंद पडल्याचा धडा ताजा आहे. उधारीवर माल देणाऱ्याने ईसीजीसीचा विमा उतरवल्याखेरीज माल जहाजावर चढवू नये, मग पार्टी कितीही जुनी असो.

राहिला प्रश्न माणसांचा. करार झाल्यावर आमच्या कानावर आले की काही एजंट कारागिरांना "आता लंडनचा व्हिसा खुला झाला" असे सांगून पैसे घेत आहेत. हे धादांत असत्य आहे. २२ जुलै २०२५ पासून, म्हणजे सहीच्या दोन दिवस आधीपासून, ब्रिटनने कामगार व्हिसा उलट कडक केला. काही ठरावीक अपवाद सोडले तर पदवीच्या दर्जाचे काम आणि सर्वसाधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड पगार असल्याशिवाय तो मिळत नाही. स्टार्मर ८ व ९ ऑक्टोबर २०२५ रोजी सव्वाशेहून अधिक उद्योजक, कुलगुरू आदींना घेऊन आपल्या मुंबईत आले होते, तेव्हाही व्हिसा हा या कराराचा भाग नाही असे त्यांनी स्पष्ट केले. करारात आचारी, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतकार यांच्यासाठी वर्षाला १,८०० जणांपर्यंतची सोय आहे. शिंपी, चर्मकार, सोनार त्यात नाहीत. कंपनीने पाठवलेल्या कर्मचाऱ्याला ३ वर्षे तिकडचा विमा भरावा लागू नये अशी स्वतंत्र तरतूद झाली. त्यावर विरोधी नेत्या केमी बेडनॉक आणि फराज यांनी झोड उठवली. बेडनॉक स्वतः व्यापारमंत्री असताना याच वाटाघाटी चालवीत होत्या, ही गंमत वेगळी. रिफॉर्म पक्षाचा जोर वाढेल तसा व्हिसाचा दरवाजा आणखी आवळला जाईल, कोणताही पक्ष सत्तेत असो. कारण मते त्या बाजूला सरकत आहेत. शबाना महमूद सप्टेंबर २०२५ मध्ये गृहमंत्री झाल्या तेव्हा आपल्याकडे काहींना आनंद झाला, पण त्यांचे धोरणही कडकच राहिले. माणसाच्या नावावरून खात्याचे धोरण ओळखू नये.

कांदिवली-मालाडमधील कितीतरी कुटुंबांचे आप्त लेस्टरमध्ये आहेत, आणि कपड्याच्या धंद्यात लेस्टरचे नाव जुने आहे, म्हणून तिथली एक गोष्ट सांगतो. २०२४ मध्ये साऱ्या देशात मजूर पक्षाची लाट असताना लेस्टर साउथमध्ये त्या पक्षाचे ज्येष्ठ नेते जोनाथन अॅशवर्थ गाझाच्या प्रश्नावर अपक्ष उभे राहिलेल्या शौकत आदम यांच्याकडून ९७९ मतांनी हरले. शेजारच्या लेस्टर ईस्टमध्ये हुजूर पक्षाच्या शिवानी राजा निवडून आल्या. एकाच शहरात दोन उलटे निकाल. तिकडची पार्टी "आमचे लोक सरकारवर नाराज आहेत" म्हणते तेव्हा ती कोणत्या गल्लीतून बोलते आहे हे विचारून घ्यावे. त्या नाराजीचा ड्युटीशी, व्हॅटशी किंवा तुमच्या बिलाच्या तारखेशी संबंध असेलच असे नाही.

आमच्या गाळेमालकांकडे आम्ही परवा पुन्हा गेलो. त्यांच्या मुलाने ५०० रुपये भरून ऑनलाइन आयात-निर्यात कोड काढून घेतला आहे. स्वतः निर्यात करण्याएवढे भांडवल अद्याप नाही, पण नंबर नावावर आहे. एक्स्पोर्टरचा माणूस नव्या ऑर्डरचे नमुने घेऊन बसला होता. गाळेमालकांनी त्याला चहा दिला आणि विचारले की या शर्टाचा कोड ६२०५ २० च ना, आणि तिकडे त्यावर ड्युटी किती लागते? तो म्हणाला, ऑफिसला विचारून सांगतो. मजुरीचे बोलणे त्याने पुढच्या आठवड्यावर टाकले आहे.